आलेख सरकवताना आणि उलटवताना

मुलगी नेरूळच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी विज्ञानला गेली, तेव्हा फलनांच्या (फंक्शन, म्हणजे प्रत्येक क्ष ला एक ठरावीक किंमत देणारा नियम) आलेखांचे स्थानांतरण, म्हणजे सरकवणे, आणि परावर्तन, म्हणजे आरशातल्यासारखे उलटवणे, हा भाग मीही तिच्यासोबत पुन्हा मुळापासून शिकायला घेतला. तिची टिपणे अचूक होती. फ(क्ष) + २ असेल तर आलेख २ एकक वर जातो आणि फ(क्ष − ३) असेल तर ३ एकक उजवीकडे जातो, असे त्यांत लिहिले होते. पण वर जाताना अधिक आणि उजवीकडे जाताना वजा का, हे तिला पटत नव्हते, आणि ते नुसते पाठ करणे मला पटत नव्हते.

आम्ही य = क्ष² चा आलेख ट्रेसिंग पेपरवर काढला आणि तो आलेखकागदावर ३ घरे उजवीकडे सरकवला. नवे फलन ३ ला जी किंमत देते, ती जुने फलन ० ला देत होते; म्हणून जुन्याकडे परतताना ३ वजा करावेच लागतात. उभ्या दिशेचे समीकरण य − २ = फ(क्ष) असे लिहिले की तिथेही वजाच दिसते. थोडक्यात, सरकवायचे असेल तर क्ष च्या जागी क्ष − ३ किंवा य च्या जागी य − २ ठेवायचे. उभ्या अक्षात परावर्तन हवे असेल तर क्ष च्या जागी −क्ष आणि आडव्या अक्षात हवे असेल तर य च्या जागी −य.

खरा कस लागला तो √(३ − क्ष) काढताना. √क्ष चे उभ्या अक्षात परावर्तन केले की √(−क्ष) मिळते, आणि त्यात क्ष च्या जागी क्ष − ३ ठेवले की √(३ − क्ष), म्हणजे आलेख उजवीकडे जातो. आधी सरकवायचे ठरवले, तर मात्र ३ एकक डावीकडे जाऊन √(क्ष + ३) करावे लागते आणि मग परावर्तन. दोन्ही वाटांनी आलेख (३, ०) पासून निघून डावीकडेच पसरतो, कारण ३ पेक्षा मोठ्या क्ष ला हे वर्गमूळ वास्तव राहत नाही. ही तपासणी मला कोणत्याही नियमापेक्षा भरवशाची वाटते.

पुढचा भाग ठाण्याला जाणाऱ्या लोकलमध्ये, तोच ट्रेसिंग पेपर घडी घालताना सुचला. कागद क्ष = १.५ या रेषेवर दुमडला, तर √क्ष चा आलेख एकाच घडीत √(३ − क्ष) वर बसतो. मग √क्ष आधी उभ्या अक्षात आणि नंतर या रेषेत परावर्तित केले, तर √(क्ष − ३) मिळते: दोन समांतर रेषांतील परावर्तने मिळून एक स्थानांतरण होते, आणि ते त्या रेषांमधील अंतराच्या दुप्पट असते.