माऊलींचं धोतर

"माऊली, धोतर सकाळीच धुतलंय हो!"

दिवे घाट चढून सासवडला टेकलेल्या एका आजोबांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांचा फोटो दाखवला, तर हे उत्तर. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरं धोतर. फोटोत सगळं राखाडी, मळकट.

ॲपर्चर, म्हणजे भिंगाचं भोक, एफ/८; आयएसओ, म्हणजे प्रकाशाला संवेदनशीलता, २००. शटर किती वेळ उघडं राहणार ते कॅमेऱ्याने स्वतःच ठरवलं होतं, १/१६०० सेकंद. माझी अक्कल तेवढ्या वेळापुरती सुट्टीवर.

कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर बिचारं समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं धरून चालतं, ते १८ टक्के प्रकाश परतवणारं करडं. फ्रेमभर पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, मग ते प्रकाश कापतं. अशा वेळी आपण +१ द्यायचा, म्हणजे कॅमेऱ्याला एक पायरी जास्त उजेड घ्यायला सांगायचं. शटर १/८०० होतं, प्रकाश दुप्पट आत येतो. काळ्या म्हशीला उलटं, वजा. नाहीतर तीही करडी!

हे सगळं मला पाठ होतं बरं का. इतरांना शिकवतोसुद्धा.

दुसरा फोटो काढला. आजोबांनी निरखून बघितलं, "आत्ता कसं!" म्हणाले आणि टाळ उचलून दिंडीत मिसळले.

घरी येऊन जुने फोटो उघडून बसलोय. आणखी किती जणांचे धुतलेले कपडे मळवलेत मी?