दर बुधवारी नवा टाइट एंड

अमेरिकन फुटबॉलमधल्या खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बांधायचा आणि त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचे, हा फँटसी फुटबॉलचा खेळ. त्याच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे मोसमाआधी आळीपाळीने खेळाडू निवडताना, टाइट एंडच्या जागेसाठी मला दोनच मार्ग पटतात. एक तर पहिल्या तीन-चार फेऱ्यांत ट्रॅव्हिस केल्सी किंवा सॅम लापोर्टासारखं मोठं नाव उचलायचं, नाहीतर शेवटच्या फेरीपर्यंत त्या जागेकडे ढुंकूनही बघायचं नाही. मधल्या फेऱ्यांत घेतलेला टाइट एंड म्हणजे किंमत मोठ्याची आणि गुण फुकट मिळणाऱ्याइतके. न्यू जर्सीतल्या आमच्या ऑफिसची बारा जणांची लीग आहे, पूर्ण पीपीआर, म्हणजे प्रत्येक झेलाला एक गुण. शिवाय दहा यार्डांना एक, टचडाउनला (चेंडू समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे नेला की) सहा. 2024च्या मोसमात मी सुरुवातीच्या सगळ्या फेऱ्या रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारे) आणि रिसीव्हर (पास झेलणारे) यांच्यावर खर्च केल्या आणि टाइट एंड दर आठवड्याला वेव्हरवरून, म्हणजे कोणाच्याच संघात नसलेल्यांच्या यादीतून, आणायचा असं ठरवलं. यालाच स्ट्रीमिंग म्हणतात. नवरा त्याला ‘तुझा भाडेकरू’ म्हणतो. दर बुधवारी चहा घेताना पहिला प्रश्न हाच: नवा भाडेकरू कोण?

टाइट एंडला दोन नोकऱ्या असतात. कधी तो लाइनमनच्या शेजारी उभा राहून समोरच्याला अडवतो, कधी रिसीव्हरसारखा पळत जाऊन पास झेलतो. फँटसीत पहिल्या नोकरीचा पगार शून्य. त्यामुळे मैदानावर सत्तर टक्के वेळ दिसणारा माणूससुद्धा आपल्या कामाचा नसू शकतो. मी स्नॅपची टक्केवारी (किती खेळींत तो मैदानावर होता) बघणं पहिल्याच आठवड्यात सोडलं आणि एकच आकडा धरला. पास फेकणारा क्वार्टरबॅक मागे सरकला, अशा किती वेळा हा गडी रूट, म्हणजे पास झेलायची ठरलेली वाट, पळाला? तीन-चतुर्थांश वेळा पळत असेल तर यादीत नाव. निम्म्याच्या खाली असेल तर मागच्या रविवारी त्याने दोन टचडाउन केले असले तरी नाव नाही.

टचडाउनवर माझा एवढा राग का, ते सांगते. शिकागोच्या कोल कमेटने 2021मध्ये 60 झेल घेतले आणि टचडाउन एकही नाही. पुढच्या वर्षी झेल कमी होऊन 50 झाले, टचडाउन मात्र सात! ग्रीन बेच्या रॉबर्ट टोन्यनने 2020मध्ये फक्त 52 झेलांत 11 टचडाउन केले होते. या आकड्यांवरून पुढच्या रविवारचं काहीही सांगता येत नाही. झेल आणि टार्गेट, म्हणजे त्याच्याकडे किती पास फेकले गेले, हे मात्र बऱ्यापैकी टिकतात, कारण ते प्रशिक्षकाच्या योजनेतून येतात.

त्या मोसमाच्या पहिल्याच गुरुवारी याची मोठी परीक्षा आली. बाल्टिमोर विरुद्ध कॅन्सस सिटी. बाल्टिमोरचा दुसऱ्या क्रमांकाचा टाइट एंड आयझाया लाइकलीने नऊ झेल, 111 यार्ड आणि एक टचडाउन अशी धमाल केली. शेवटच्या चेंडूवरही त्याने पास झेलला होता, पण बुटाचं टोक रेषेवर पडलं आणि टचडाउन रद्द झालं. आमच्या लीगमध्ये मोसमासाठी प्रत्येकाला शंभर डॉलरचं काल्पनिक बजेट असतं आणि बोली झाकून लावायची असते. त्या मंगळवारी रात्री लाइकलीवर लोक तुटून पडले. मी थांबले, कारण बाल्टिमोरचा पहिला टाइट एंड मार्क अँड्र्यूज धडधाकट होता आणि एका सामन्यावरून दोघांतली पासांची वाटणी बदलली असं धरायला मी तयार नव्हते. पुढच्या आठवड्यात रेडर्सविरुद्ध लाइकलीचे दोन झेल, 26 यार्ड. (अँड्र्यूज सुरुवातीला इतका थंड होता की लोक त्याला सोडून द्यायला निघाले होते. मोसमाअखेर त्याच्या नावावर 11 टचडाउन होते.)

बोलीबद्दल माझा नियम साधा आहे. एका आठवड्याच्या पाहुण्यावर एक-दोन डॉलर, त्याहून जास्त नाही. हा गेला तर त्याच्यासारखे आणखी चार जण यादीत असतात.

आठवड्याची लय आपोआप बसत गेली. मंगळवारी रूट आणि टार्गेटचे आकडे बघून तीन नावं काढायची आणि रात्री झोपण्याआधी बोली लावायची. बुधवारी पहाटे निकाल. मग बुधवार ते शुक्रवार सरावाचे अहवाल: पूर्ण सराव, मर्यादित सराव, सराव नाही. माझ्या टाइट एंडच्या तब्येतीपेक्षा मी त्याच्या संघातल्या पहिल्या क्रमांकाच्या रिसीव्हरची तब्येत जास्त बघते. तो शुक्रवारी बाहेर झाला की ते पास कुठेतरी जाणारच, आणि पुष्कळदा ते मधल्या पट्ट्यात, टाइट एंडकडे येतात. क्वार्टरबॅक बदलला की मात्र हिशेब नव्याने मांडावा लागतो.

शनिवारी सट्टेबाजारातले आकडे. न्यू जर्सीत 2018पासून खेळांवर पैज लावणं कायदेशीर आहे, त्यामुळे हे आकडे टीव्हीवर, बसस्टॉपवर, सगळीकडे. मी पैज लावत नाही, आकडे मात्र उचलते. सामन्याची एकूण धावसंख्या (क्रिकेटची सवय जात नाही, गुणसंख्या म्हणायला हवं) 48 धरली असेल आणि एक संघ चार गुणांनी वरचढ मानला असेल, तर त्याच्या वाट्याला 26 आणि दुसऱ्याच्या 22. दोन सारख्या टाइट एंडमध्ये मी 26वाल्या संघाचा घेते. जास्त गुण अपेक्षित म्हणजे गोललाइनजवळ जास्त खेळ.

आणि प्रतिस्पर्धी? स्ट्रीमिंग म्हटलं की लोक सगळ्यात आधी ‘टाइट एंडला सर्वांत जास्त गुण देणारा बचाव’ शोधतात. मी ते सगळ्यात शेवटी बघते. कधीकधी ही गोष्ट खरी असते. 2019मध्ये ॲरिझोनाविरुद्ध टी. जे. हॉकेन्सनने पदार्पणातच 131 यार्ड आणि टचडाउन केलं, पुढच्या रविवारी अँड्र्यूजने त्याच बचावाविरुद्ध 112 यार्ड काढले, आणि ती गळती पुढेही थांबली नाही. पण इतकी उघडी गळती क्वचितच दिसते. मोसमाच्या पहिल्या चार आठवड्यांत तर ती क्रमवारी बचावाबद्दल काहीच सांगत नाही. त्यांची गाठ कोणाशी पडली, एवढंच तिच्यावरून कळतं. केल्सी आणि किटलसारखे बडे टाइट एंड लागोपाठ आले तर कुठलाही बचाव वाईटच दिसेल.

रविवारी साडेअकराला मैदानात न उतरणाऱ्यांची यादी येते, एकच्या सामन्यांच्या बरोबर नव्वद मिनिटं आधी. त्या वेळी मी दुसरं काही ठरवत नाही. पुण्याचा मावसभाऊ आमच्या लीगमध्ये आहे. त्याला ही यादी रात्री नऊला मिळते आणि नोव्हेंबरमध्ये इथली घड्याळं मागे गेली की दहाला. ‘ताई, तुझं जेवण व्हायचंय, माझं झालंय, म्हणून माझं डोकं जास्त चालतं,’ असं तो म्हणतो. लंडनचा सामना असेल तर इथे सकाळी साडेनऊला सुरू होतो आणि आठ वाजता उठून बसावं लागतं.

याच वेळेत एक युक्ती साधते, ती मावसभावाचीच. ज्यांचे सामने अजून सुरू झालेले नाहीत आणि जे वेव्हरमधून मोकळे झालेत, ते खेळाडू रविवारी दुपारपर्यंत फुकट मिळतात. पुढच्या आठवड्यात लागणारा टाइट एंड तेव्हाच बेंचवर टाकून ठेवायचा. मंगळवारची झटापट वाचते. बेंचवर एक जागा मोकळी असेल तरच हे जमतं, त्यामुळे बाय वीक (संघांचे सुट्टीचे आठवडे) सुरू झाले की, म्हणजे पाचव्या आठवड्यापासून, अवघड होत जातं.

टेसम हिलचं प्रकरण वेगळंच. कागदावर टाइट एंड, प्रत्यक्षात तेव्हा न्यू ऑर्लिन्सचा सर्व कामांचा माणूस. 17 नोव्हेंबर 2024ला क्लीव्हलँडविरुद्ध त्याने 138 यार्ड धावून तीन टचडाउन केले, वर आठ झेल. तो माझ्या विरोधकाकडे होता. माझ्या पद्धतीने मी त्याला कधीच निवडला नसता आणि पुन्हाही निवडणार नाही.

स्ट्रीमिंगमधला सगळ्यात कठीण निर्णय मात्र थांबण्याचा असतो. मायामीचा जॉनू स्मिथ ऑक्टोबरमध्ये मी इतरांसारखाच आठवड्यापुरता आणला होता. टुआ टागोवायलोआ मेंदूच्या दुखापतीतून आठव्या आठवड्यात परतला आणि स्मिथकडे चेंडू येतच राहिले. टचडाउन नसलेल्या रविवारीही टार्गेट कमी होईनात. नोव्हेंबरमध्ये रेडर्सविरुद्ध त्याने 101 यार्ड आणि दोन टचडाउन केले, तेव्हा एकाने त्याच्या बदल्यात मला केल्सी देऊ केला. केल्सीने त्या मोसमात 97 झेल घेतले, पण टचडाउन तीनच. स्मिथचे शेवटी 88 झेल आणि आठ टचडाउन झाले. मी नाही म्हटलं. त्यानंतर मंगळवारच्या यादीतून टाइट एंडचा रकाना काढून टाकला आणि उरलेले डॉलर बचावाच्या (फँटसीत एका संघाचा अख्खा बचाव हीसुद्धा एक जागा असते) स्ट्रीमिंगकडे वळवले.