केसपेपरची खिडकी

डॉक्टर चांगले भेटले, गोळ्या लागू पडल्या, थेरपीला दहा महिने झाले. हे सगळं सुरळीत झालं म्हणून एका ओळीत उरकते. मला लिहायचंय ते केसपेपरच्या खिडकीबद्दल. अजून आठवलं की डोकं फिरतं.

सरकारी रुग्णालय, सोमवार, रांग पार जिन्यापर्यंत. दीड तासाने नंबर लागला. "कुठला विभाग?" मी हळूच म्हणाले, "मनोविकार." "काय? मोठ्याने बोला!" पुन्हा सांगितलं. त्यावर त्याने आतल्या माणसाला हाळी दिली, "अरे, ह्यांना मेंटलला जायचंय, कुठला शिक्का?" मागच्या दोघी वळून वळून बघायला लागल्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, त्याच्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे, हे मला नंतर कळलं. त्या खिडकीला अजूनही कळलेलं नसावं.

शिक्का शोधेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली आणि फळी धाडकन खाली आली.

बाबा लोखंडी कपाट असंच आपटायचे. त्यानंतर जे व्हायचं ते इथे लिहीत नाही. फळी पडली आणि बेचाळीस वर्षांची मी सात वर्षांची झाले. आधारकार्ड धरलेला हात माझा वाटेना. रिक्षा करून घरी आले, दोन दिवस झोपून काढले. पुढच्या खेपेला तर फाटकावरूनच परतले.

मग एका रात्री १४४१६ ला फोन लावला. टेलीमानस, म्हणजे मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. पलीकडच्या ताईंनी घाई केली नाही, त्यानेच अर्धा जीव भांड्यात पडला. तोंडाने सांगायचंच कशाला, हे बोलता बोलता माझं मलाच सुचलं. तिसऱ्या खेपेला चिठ्ठी लिहून नेली: "मनोविकार ओपीडी, नवीन केसपेपर." आधारकार्डासोबत आत सरकवली. दोन मिनिटांत काम!

फळी त्याही दिवशी पडली. पण तोंडात आवळासुपारी होती. आंबट-खारट चव लागली की मी जागेवर राहते. चपला काढून पाय गार फरशीवर टेकवले, आज वार कोणता, बाबांना जाऊन किती वर्षं झाली, हे पुटपुटत बसले. डोळे उघडेच. "डोळे मिटून ध्यान कर" असं सगळे सांगतात, माझं त्याने बिघडतं. श्वास सोडताना जरा लांबवायचा, तेवढं जमतं.

हो, उपाशी जाऊ नका. हे आधीच सांगायला हवं होतं.

डॉक्टरांनी कागदावर 'कॉम्प्लेक्स पीटीएसडी' लिहिलं, म्हणजे पुन्हा पुन्हा सोसलेल्या आघातांनी मनावर उरलेला आजार. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही आजारांची यादी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात हे वेगळं निदान आहे. घरचे 'हळवी' म्हणायचे.

आता खिडकीतला तो माणूस मला ओळखतो. लांबूनच हात पुढे करतो, "ताई, चिठ्ठी!" ओरडतो मात्र तसाच.