प्लेन टायगरची गुणसूत्रे मोजताना

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी प्लेन टायगर फुलपाखराची गुणसूत्रे मोजायला घेतली, तेव्हा महिनाभरात काम उरकेल असा माझा समज होता. फुलपाखरांत बहुधा गुणसूत्रांच्या ३१ जोड्या असतात, हे वाक्य पाठ होते. माझ्या मोजणीत मात्र दर वेळी ३०च येत. एखादी जोडी नजरेतून सुटते आहे असे समजून मी आठवडाभर तेच ठिपके मोजत राहिले. पुढे वाचनात आले, की प्लेन टायगर ज्यात मोडते त्या डॅनॉस प्रजातीच्या पूर्वजात झेड हे लिंगगुणसूत्र दुसऱ्या एका गुणसूत्राला कायमचे जोडले गेले आहे, त्यामुळे ३० हीच योग्य संख्या. फुलपाखरांच्या गुणसूत्राला एका ठरावीक जागी गुणसूत्रबिंदू नसतो, विभाजनाचे धागे त्याला बऱ्याच लांबीवर धरतात, म्हणून असे जोड निभावून जातात.

खरी अडचण नंतर आली. रुईवरच्या अळ्या पाळून (चिकाने बोटे दिवसभर चिकट) मी वृषण काढत असे, पोटॅशियम क्लोराइडच्या ०.०७५ मोलर द्रावणात फुगवून कार्नॉय या पेशी स्थिर करणाऱ्या द्रावणात टाकत असे आणि साठ टक्के ॲसिटिक आम्लात कुस्करून कोमट काचपट्टीवर पसरत असे. काही पट्ट्यांवर तीस नेटके ठिपके दिसत, एकेक ठिपका म्हणजे एकेक जोडी. काहींवर मात्र चाळिसाच्या वर, वेडेवाकडे विखुरलेले. विभाजन बिघडलेले नमुने, अशी नोंद करून मी त्या बाजूला काढल्या.

मॅडमनी एक पट्टी उजेडासमोर धरून विचारले, "अगं, हे वृषण अळीचे की कोषाचे?" मी वही उघडली. पाचव्या उदरखंडातली दोन सुटी वृषणे, म्हणजे अळी. दोन्ही मिळून झालेला एकच गोळा, म्हणजे कोष. विस्कटलेल्या जवळजवळ सगळ्या पट्ट्या कोषाच्या होत्या.

फुलपाखराचा नर दोन प्रकारच्या शुक्रपेशी बनवतो. केंद्रक असलेल्या पेशींचे अर्धसूत्री विभाजन अळीच्या अवस्थेत शिस्तीत होते. कोष होण्याच्या सुमारास मात्र केंद्रकहीन शुक्रपेशी तयार होऊ लागतात, आणि त्यांच्यात गुणसूत्रांच्या जोड्याच नीट जुळत नाहीत, म्हणून ठिपके जास्त दिसतात. ही बिघाडाची नव्हे, नेहमीचीच रीत आहे. रेशीमकिड्यावरील प्रयोगांत तर असे दिसले आहे, की या बिनकेंद्रकी पेशी नसतील तर केंद्रकवाल्या पेशी मादीच्या शुक्रकोशापर्यंत (शुक्रपेशी साठवायच्या पिशवीपर्यंत) पोहोचतच नाहीत.

बाजूला काढलेल्या पट्ट्या मी त्याच संध्याकाळी पुन्हा खोक्यात लावल्या आणि "बाद" हा शेरा खोडून तिथे "कोष" असे लिहिले.