नव्या तलंगा, जुनं खुराडं

गेल्या भाद्रपदात माझ्या खुराड्यातल्या कोंबड्यांनी एका नव्या तलंगेला, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीला, टोचून मारलं. तिला रात्री उचलून तिथे ठेवणारी मीच होते. पुढे पौषापर्यंत पाच तलंगा त्याच खुराड्यात, त्याच कोंबड्यांच्या शेजारी बांबूवर बसायला लागल्या. मधल्या चार महिन्यांत काय केलं ते लिहून ठेवते आहे. परड्यात पाच-दहा गावठी कोंबड्या पाळणाऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल.

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात आहे. घरामागे परडं, परड्याच्या कडेला चिऱ्याचं खुराडं, वर कौलं. आत सहा फूट लांब, चार फूट रुंद जागा आणि बसायला दोन आडवे बांबू. पावसाळ्याच्या तोंडाला मुंगसानं तीन कोंबड्या नेल्या, तेव्हा सहा कोंबड्या आणि एक कोंबडा उरला. त्यांत भुरी सगळ्यांत जुनी, चार वर्षांची. दाणे टाकले की पहिली चोच तिची. तिच्या खालोखाल काळी. बाकीच्या आपापल्या जागा धरून असतात.

मुंगसाची भोकं बुजवून झाल्यावर शेजारच्या वाडीतून दोन तलंगा आणल्या. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "अगो, रात्री घाल आत. सकाळी कोण जुनी, कोण नवी, त्यांना कळत पण नाही." काळोखात कोंबडीला दिसत नाही, ती गप्प बसते, हे खरंच आहे. रात्री आठला दोघींना बांबूवर बसवलं. कुणी हललंसुद्धा नाही. मी निश्चिंत झोपले.

सकाळी पाऊस कोसळत होता. असल्या पावसात कोंबड्या बाहेर पडत नाहीत, म्हणून दार उघडायला नऊ वाजवले. उघडलं तर एक तलंग कोपऱ्यात, दोन चिऱ्यांच्या फटीत डोकं खुपसून बसलेली. तुऱ्यामागची कातडी पूर्ण सोललेली. दुसरी दांड्याच्या टोकाला अंग चोरून होती, तिच्या शेपटीची पिसं उपटली होती. पहिलीला घरात आणून हळद लावली, डालग्याखाली ठेवलं, चमच्यानं गुळाचं पाणी पाजलं. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. दुसरी वाचली. तिचं नाव आम्ही पिवळी ठेवलं.

आईंना फार लागलं ते. दोन दिवस त्या त्याचाच विचार करत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी खुराडं पहाटे पाचला उघडायचं. उजाडायच्या आत कोंबड्या अंगणात." त्या वाक्यात सगळं होतं. त्यांची युक्ती खोटी नव्हती, ती पहाटे उघडणाऱ्या दारावर उभी होती. उजेड झाल्यावर नवी कोंबडी टोचेच्या टप्प्यातून बाहेर पळू शकली तर दोन टोचांवर भागतं. मी मात्र फटफटल्यापासून नऊपर्यंत, तीन तास, त्यांना चोवीस चौरस फुटांत कोंडून ठेवलं होतं. त्यात रक्त दिसलं की कोंबड्या थांबत नाहीत. लाल ठिपका दिसला की जी मघाशी टोचत नव्हती तीही टोचायला येते. म्हणून आता जखमेवर हळदीऐवजी दवाखान्यातून आणलेलं जांभळं औषध लावते. त्यानं जखम भरते, शिवाय लाल रंग झाकला जातो. दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो.

पिवळीला एकटी वाढवणं बरोबर वाटेना. एकटी आत गेली तर सगळ्या टोचा तिच्यावरच. नोव्हेंबरात, भातकापणी आटोपल्यावर, चार तलंगा आणल्या, साडेतीन-चार महिन्यांच्या. याहून लहान आणू नयेत असं माझं मत झालं आहे. निम्म्या अंगाचं पिल्लू मोठ्या कोंबडीपुढे टिकत नाही.

या वेळी आधी मांगर. घरापासून लांब, गवत ठेवतो तो. तिथे चौघींना तीन आठवडे ठेवायचं ठरवलं. राणीखेत, ज्याला आपण मानमोडी म्हणतो, त्याची लक्षणं दोन दिवसांपासून पंधरा दिवसांपर्यंत कधीही दिसू शकतात. आज टवटवीत दिसणारी कोंबडी निरोगीच असेल असं नाही. आमच्या वाडीत एका वर्षी या रोगानं आठ दिवसांत घरंच्या घरं रिकामी झाली होती, ते मी विसरलेले नाही. त्यामुळे शिस्त अशी: सकाळी आधी जुन्यांचं दाणापाणी, मग मांगरात. मांगराची चप्पल वेगळी, ती दारातच काढायची. भांडी वेगळी. परत आले की हात साबणानं धुवायचे. घरातल्या मुलांनाही हे पाठ झालं.

आणल्या त्या दिवशीच चौघींना उलटसुलट करून पाहिलं. पंखाखाली, शेपटीच्या बुडाशी पिसं बाजूला सारली की उवा पळताना दिसतात. दोघींना होत्या. एका टोपलीत चुलीची चाळलेली राख आणि कोरडी माती मिसळून ठेवली, त्यात त्या तासन् तास लोळत. आठव्या दिवशी एकीला शिंका सुरू झाल्या, नाकाशी पाणी, डोळा चिकटलेला. तिला डालग्याखाली वेगळी केली आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली. पर्यवेक्षकांनी पाण्यातून द्यायची पावडर पाच दिवसांसाठी दिली आणि पूर्ण बरी झाल्याशिवाय लस द्यायची नाही म्हणून बजावलं. तीन आठवड्यांचे चार झाले ते तिच्यामुळे. ती थेट खुराड्यात गेली असती तर सातही जुन्या शिंकत बसल्या असत्या, या विचारानं मला तो जादा आठवडा कधी जड वाटला नाही.

लसीचं सांगायलाच हवं. मोठ्या पक्ष्यांना राणीखेतची आर-टू-बी नावाची लस टोचतात. एका कुपीत शंभर किंवा जास्त पक्ष्यांची मात्रा असते. एकदा विरघळवली की ती थंड ठेवून तास-दोन तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी कुपी कोण फोडणार? म्हणून वाडीतल्या घराघरांत जाऊन सांगितलं, ज्यांच्या राहिल्या आहेत त्यांनी संध्याकाळी कोंबड्या कोंडून ठेवा. बर्फाच्या थर्मासमधून कुपी आली आणि एका सकाळी नऊ घरांच्या कोंबड्या टोचून झाल्या. माझ्या जुन्यांना मेमध्येच दिली होती.

डिसेंबरच्या सुरुवातीला मांगरातून परड्यात. खुराड्याला लागून बांबूचे चार खांब रोवले, भोवती आणि वरून कोंबडजाळी मारली. त्यात पिवळी धरून पाचजणी. पिवळीचं त्यांच्याशी कसं जमेल ही धास्ती होती, पण त्या सगळ्याच त्या जागेत नव्या होत्या. दोन दिवस थोडी कुरबुर झाली आणि तिनं त्यांच्यात मधली जागा घेतली.

जाळी हेच खरं काम होतं. त्याआधीचं सगळं रोगासाठी, हे स्वभावासाठी. पहिले चार दिवस भुरी जाळीच्या कडेनं मानेची पिसं फुलवून येरझारा घालायची, मधेच जाळीवर आदळायची. तलंगा मागच्या कोपऱ्यात एकीवर एक. मी जाळीच्या दोन्ही बाजूंना, आधी हातभर अंतरावर, मग रोज थोडं जवळ, कणी टाकत गेले. पाचव्या दिवशी भुरी आदळायची थांबली. नवव्या दिवशी दुपारी ती जाळीला टेकूनच मातीत लोळत पडली होती, तलंगांकडे पाठ करून. आत त्यांच्यातलीही एक लोळत होती. पाठ फिरवणारी कोंबडी मारायच्या विचारात नसते. तरी मी घाई केली नाही, दोन आठवडे पुरे केले.

पहिल्यांदा एकत्र सोडलं ते खळ्यात. परडं भुरीचं राज्य, तिथे तिला राखण करावीशी वाटणार. खळं कुणाचंच नव्हतं. भाताची झोडणी झालेली, पेंढ्याची उडवी उभी, भोवती सांडलेले दाणे. संध्याकाळी अंधार पडायच्या तासभर आधी सगळ्यांना सोडलं. बारा चोची खाली वळल्या आणि प्रत्येकीला आपापलं काम मिळालं. दिवस बुडाला की झोपायची ओढ लागते, त्यामुळे भांडण लांबत नाही. रोज तासभर, मग दोन तास, असं दहा दिवस चाललं.

टोचा पडल्याच. त्या पडू द्यायच्या, हे शिकायला मला वेळ लागला. डोक्यावर एक टोच, समोरची मान खाली घालून बाजूला झाली, संपलं. ती टोच म्हणजे जागा दाखवणं. नॉर्वेच्या श्येल्डेरप-एब्बे या संशोधकानं शंभर वर्षांपूर्वी कोंबड्यांमधला हाच क्रम नोंदवून ठेवला, कोण कुणाला टोचते आणि कोण कुणाची सहन करते. मधे पडलं की तो क्रम अर्धवट राहतो आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून. पण पळणारीच्या मागे लागून तिला दाबून धरणं, पाठीवर चढून तुरा ओढणं, रक्त काढणं, हे दिसलं की त्याच क्षणी वेगळं करायचं. पळायला वाट राहावी म्हणून मी भिंतीला तिरक्या फळ्या टेकवल्या, फणसाच्या छाटलेल्या फांद्या टाकल्या, दोन फुटक्या करंड्या उपड्या घातल्या. कुठेही बंद कोपरा ठेवला नाही. दाण्याची भांडी तीन, पाण्याची तीन, एकीवरून दुसरी दिसू नये अशी.

कोंबड्यानं मात्र पहिल्या दिवसापासून त्यांना आपलं म्हटलं. एक पंख खाली सोडून त्यांच्याभोवती फिरायचा, दाणा सापडला की टुकटुक करून बोलवायचा. दोघी भांडायला लागल्या की मधून चालत जायचा, तेवढ्यानं बरीच भांडणं मिटत.

अडलं ते काळीपाशी. मला भीती भुरीची होती, पण भुरीला स्वतःच्या जागेची खात्री होती, ती एक टोच मारून निघून जाई. काळी दुसऱ्या क्रमांकाची. वरून भुरीच्या टोचा खाणारी, आणि आता खालून पाचजणी वर येतील या धास्तीत. ती संध्याकाळी खुराड्याच्या दारातच उभी राहायची आणि पिवळीला आत येऊ द्यायची नाही. पिवळीला भाद्रपदातली ती सकाळ आठवत असेल का, मला सांगता येत नाही. पण ती दारापर्यंत येऊन थरथरायची आणि पेरूच्या झाडावर चढून बसायची. रानमांजराच्या भीतीनं मी रोज बॅटरी घेऊन तिला उतरवत असे.

रोज रात्री बांबूवर बसलेल्या प्रत्येकीच्या गळ्याखालची पिशवी हातानं चाचपत होते. पोटभर खाल्लेल्या कोंबडीची ती लिंबाएवढी टणक लागते. पिवळीची सलग तीन रात्री रिकामी लागली. दाण्यापाशी ती उभी असायची, म्हणून दिवसा मला वाटायचं खातेय. हात लावला नसता तर कळलंच नसतं.

मग काळीला चार दिवस मांगरात नेऊन ठेवलं. भुरीला हात लावला नाही, कारण तिला काढलं असतं तर सगळी उतरंडच मोडली असती. चार दिवसांत पिवळी आपल्या पायानं आत जायला लागली, बांबूवर तिची जागा ठरली. पाचव्या रात्री काळीला परत आणून बसवलं, पहाटे साडेपाचला दार उघडलं आणि तिथेच उभी राहिले. आता नवखी काळी होती. तिनं पिवळीला दोनदा टोचलं, पिवळी फक्त बाजूला सरकली, पळाली नाही. त्यानंतर दारातली राखण बंद झाली.

या काळात अंडी घटली. एरवी चार मिळायची, ती एकावर आली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "विकून टाक त्या नव्या, जुन्यांचंपण बिघडवलं." मी थांबले. जानेवारी सरता सरता चार परत आली. खुराकात एक बदल केला होता: तलंगा अंड्यावर आलेल्या नव्हत्या, त्यांना अंड्यावरच्या कोंबड्यांचं जास्त चुन्याचं खाद्य सोसत नाही. म्हणून सगळ्यांना कणी, कोंडा, भरडलेला मका आणि वाढीचं खाद्य, आणि मुळ्या-तिसऱ्या या शिंपल्यांची टरफलं भाजून, कुटून वेगळ्या करवंटीत. जिला गरज ती तिथे जाते. तलंगा बरेच दिवस तिकडे फिरकल्या नाहीत. तुरे लाल व्हायला लागले तशी एकेक करवंटीपाशी दिसू लागली.

एक तिसरा बांबू घातला, कारण एकेका कोंबडीला वीतभर तरी जागा लागते. खुराडं लहान पडतं हे मला मान्य आहे, पावसाळ्याआधी आणखी चार फूट वाढवायचं आहे. आणि दार, कितीही पाऊस असो, उजाडायच्या आत उघडते. समोर पत्र्याची पडवी काढली, म्हणजे भिजायला नको.

जाळीचा खण मात्र मी मोडला नाही. मार्चमध्ये काळी खुडूक झाली, तेव्हा पेंढ्याची टोपली करून तिला त्या खणात अकरा अंड्यांवर बसवली. त्यांत तीन पिवळीची आहेत. आज सोळावा दिवस. पिल्लं निघाली की काळीच त्यांना घेऊन बाकीच्यांत जाईल, त्यांना कुणी टोचायला आलं तर तीच पुढे होईल. पिवळी दुपारी जाळीच्या या बाजूला, तिच्या शेजारी मातीत लोळत असते.