स्प्रूसचा कोंब आणि कैरीचा देठ

डिसेंबरात सिअ‍ॅटलहून गावी निघताना बॅगेत काय भरायचं यावर आमच्या घरी दर वर्षी वाद होतो. यंदा बदाम, चॉकलेटं आणि आईच्या गुडघ्यांचं मलम यांच्यामध्ये मी बिअरच्या पाच बाटल्या सरकवल्या. पाचच, कारण 355 मिलीच्या पाच म्हणजे पावणेदोन लिटर, आणि कस्टममधून शुल्क न भरता दोन लिटरपर्यंत आणता येतं. जुन्या बनियनमध्ये गुंडाळून, बुटांत खोचून त्या चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावापर्यंत पोचल्या. चारच. पाचवीनं माझ्या दोन शर्टांना अलास्काचा वास दिला.

ही बिअर साधी नव्हती. अलास्कातल्या जुनो गावी 1986 पासून अलास्कन ब्रुइंग कंपनी आहे, तिची ही विंटर एल. एल हा बिअरचाच एक प्रकार. जुन्या इंग्लिश एलच्या धाटणीची, तांबूस, साडेसहा टक्क्यांच्या जरा आत, आणि तिच्यात सिटका स्प्रूसचे कोवळे कोंब घातलेले. स्प्रूस म्हणजे ख्रिसमसच्या झाडाच्या भाऊबंदांपैकी एक. सिटका स्प्रूस हा तर अलास्काचा राज्यवृक्षच.

दोन वर्षांपूर्वी मेच्या शेवटी मी जुनोला गेलो होतो. हे गाव राज्याची राजधानी, पण तिथे रस्त्यानं जाता येत नाही. एक तर विमान, नाही तर बोट. मागे डोंगर आणि हिमनद्या, पुढे खाडी, आणि वरून पाऊस. आपल्याकडे पावसाची वाट बघतात, तिथे उघडिपीची. जंगलातल्या पायवाटेवर प्रत्येक फांदीच्या टोकाला पोपटी रंगाचे, बोटाच्या पेराएवढे झुबके लोंबत होते. जुनी पानं सुईसारखी टोचतात, हे मात्र लोण्यासारखे मऊ. सोबतच्या माणसानं एक तोडून हातावर ठेवला, म्हणाला, खा. आंबट, तुरट, मागून किंचित राळेसारखं. पाडव्याला कडुलिंबाची पालवी चावताना आपण जसं तोंड करतो, तसंच मी केलं असणार.

या कोंबांचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. कोंबावरचं तपकिरी टोपण गळायला लागलं की तोडायचे. उशीर झाला तर पानं कडक होतात आणि टर्पेंटाइनची चव येते. हुरड्यासारखंच, चार दिवस इकडेतिकडे झाले की कणीस हातचं गेलं. शिवाय तो कोंब म्हणजे झाडाची त्या वर्षाची वाढ, म्हणून एकाच झाडाला ओरबाडायचं नाही आणि शेंड्याला हात लावायचा नाही. या बिअरसाठी कोंब जुनोजवळच्या गस्टेव्हस नावाच्या लहानशा वस्तीतले लोक हातानं तोडतात. ते ऐकताना मला सातपुड्यातल्या मोहाच्या झाडाखाली चैत्रात पहाटे वाकलेल्या बाया आठवल्या.

असो. आबा माळकरी, तेव्हा घरात बाटली उघडायचा प्रश्नच नव्हता. भरीत पार्टी शेतात होती, ते बरं झालं. कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजायला टाकली होती. आपली ती मोठी, फिकट हिरवी, कमी बियांची वांगी. अमेरिकेतल्या जांभळ्या वांग्याचं भरीत मी नऊ वर्षं खातोय आणि नऊ वर्षं कुरकुरतोय. आई आणि काकू मुसळानं हिरवी मिरची-लसूण ठेचत होत्या, कळण्याच्या पुऱ्यांचं पीठ मळून तयार होतं. बाटल्या मी विहिरीजवळच्या हौदात सोडल्या होत्या. चुलतभावाला बर्फ हवा होता. त्याला म्हटलं, ही एल आहे, फार गार केली की वास मरतो. तो म्हणाला, वास कोणाला पाहिजे?

आम्ही दोघं-तिघं बांधापलीकडे, आबांकडे पाठ करून बसलो. पहिल्या घोटाला गूळ करपल्यासारखा गोडवा, मग फुलांसारखं काहीतरी, आणि गिळल्यावर हलका तुरटपणा. तिकडे मित्रांना मी ही चव सांगताना नेहमी ‘जंगलाची चव’ म्हणायचो. काहीही. जंगलाला कधी एक चव असते का?

तेवढ्यात शेजारच्या मळ्यातले जिभाऊ काठी टेकत आले. ग्लास लपवायला वेळच मिळाला नाही.

“काय शे रे ते? औषध शे का?”

प्रश्न वाटतो तितका वेडा नाही. 1535-36 च्या हिवाळ्यात फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिएची माणसं कॅनडातल्या क्विबेकजवळ बर्फात अडकली आणि स्कर्व्हीनं, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्यानं होणाऱ्या रोगानं, पंचवीस जण गेले. तिथल्या मूळ रहिवाशांनी एका सदाहरित झाडाच्या सालीपानांचा काढा दाखवला तेव्हा उरलेले उठून बसले. 1773 मध्ये इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकनं न्यूझीलंडला खलाशांसाठी तिथल्या झाडांच्या पाल्याची अशीच बिअर केली. जिभाऊंना मी एवढंच सांगितलं, की पूर्वी होतं औषध, आता नाही.

ते पीत नाहीत. पण ग्लास हातात घेतला, नाकाजवळ नेला, डोळे मिटले.

“आरे, हाऊ ते कैरीना देठना वास शे!”

मी परत हुंगलं. खरंच. कच्ची कैरी तोडताना देठातून चीक उडतो, त्याचा तो झणझणीत, आंबूस वास. रात्री मोबाइलवर वाचलं, तर स्प्रूसच्या कोंबात पाइनीन, लिमोनीन अशी सुगंधी द्रव्यं असतात आणि आंब्याच्या चिकातही त्याच कुळातली. मी दोन वर्षं शब्द शोधत होतो, जिभाऊंना अर्धं मिनिट लागलं.

मग आबाही वळून बसले, पण त्यांचं कुतूहल वेगळं. बिअर गाळल्यावर उरलेल्या धान्याचं काय करतात? सांगितलं, की तिथे ते वाळवून बॉयलरमध्येच जाळतात; आधी जहाजानं सिअ‍ॅटलकडे पाठवायला लागायचं.

“तठे ढोरे नहीत का?”

“नाही आबा, डोंगर आणि पाणी. गुरं कुठली?”

आबांना हे फार लागलं. भिजलेलं सातू जाळायचं! आपल्या दोन म्हशींना काय झालं असतं, यावर ते वांगी सोलून होईपर्यंत बोलत होते.

भरीत आलं. कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, वर तेलाची तर्री. त्या तिखटावर ही गोडसर एल फार छान लागते, एवढं मी शपथेवर सांगतो. तीन बाटल्या संपल्या. चौथी हौदातच राहिली होती. निघताना जिभाऊ माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, “ती एक माले दी टाक. वास घेवाले.”

आबांनी विस्तवात आणखी एक पऱ्हाटी सारली आणि ऐकलंच नाही असं केलं.