मोमिजीच्या बियांचा हिवाळा : माझा अनुभव

टोकियोत निशी-कासाईला आम्ही राहायला आलो, तेव्हा समोरच्या घराच्या फाटकाशी जपानी मेपलचं झाड होतं. इथे त्याला मोमिजी म्हणतात. नोव्हेंबरअखेर ते इतकं लाल झालं की ऑफिसला निघताना माझी दोन मिनिटं तिथेच जायची. त्या घरातल्या आजींनी एकदा एक पान माझ्या तळहातावर ठेवून टोकं मोजायला लावली. इ, रो, हा, नि, हो, हे, तो. सात! जुन्या जपानी वर्णक्रमानं अशी टोकं मोजतात, म्हणून हे इरोहा मोमिजी.

झाडाखाली बिया पडल्या होत्या. दोन पंखांची जोडी आणि प्रत्येक पंखाच्या बुडाशी मसुरीएवढा दाणा. आजींना विचारून ओंजळभर आणल्या आणि आईनं केलं असतं तेच केलं. आमच्याकडे साताऱ्याला बी म्हणजे खणखणीत वाळलेलं. ऊन दाखवायचं, राखेत घोळायचं, गाडग्यात भरायचं. मीही गॅलरीत वाळवून पाकिटात ठेवल्या नि मार्चमध्ये पेरल्या. एप्रिल गेला, मे गेला, एक कोंब नाही. कुंडी रिकामी करायला निघाले, तर आजी म्हणाल्या, "असू द्या. पाणी मात्र देत राहा."

मग वाचायला लागले. डोंगरात या बिया पानगळीखाली तीन-चार महिने ओल्या थंडीत पडून असतात, आणि ती थंडी भोगल्याशिवाय आतला अंकुर जागा होत नाही. एरवी तो हिवाळ्याच्या तोंडावर उगवून गोठून गेला असता. बी कडक वाळलं, तर टरफलातून पाणी लवकर शिरत नाही आणि उगवण एक वर्ष पुढे जाऊ शकते.

पुढच्या ऑक्टोबरात पंख तपकिरी होताच बिया झाडावरूनच घेतल्या. पंख चोळून काढले, दिवसभर कोमट पाण्यात ठेवल्या आणि तळाला बसलेल्या चाळीस निवडल्या. व्हर्मिक्युलाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारं हलकं खनिज, भिजवून मुठीत घट्ट पिळलं, बिया त्यात मिसळून झिपच्या पिशवीत घातल्या आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवल्या. दर रविवारी पिशवी उघडून बुरशी नाही ना ते बघायचं. फेब्रुवारीअखेर एका बीतून पांढरं, दोऱ्यासारखं मूळ बाहेर आलेलं दिसलं, आणि मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यानं हसले.

आकादामा नावाच्या दाणेदार जपानी मातीत, ती चाळून, सेंटीमीटरभर खोल पेरल्या. एकोणतीस उगवल्या. आधी जिभेसारखी दोन लांबट दलं, मग करवतीच्या दातांची साधी पानं; हाताच्या पंजाचा आकार त्यानंतर आला. मी मायेनं रोज पाणी घालत राहिले, आणि एका सकाळी नऊ रोपं आडवी झालेली. देठ मातीलगत काळपट, बारीक झालेला, वरची पानं मात्र अजून हिरवीगार. फार लागलं मनाला. आकादामा सुकली की फिकट दिसते. तशी दिसल्याशिवाय पाणी द्यायचं नाही, हे आजींनी तेव्हा शिकवलं. उन्हाळ्यात पानांची टोकं करपू नयेत म्हणून कुंड्या बांबूच्या पडद्यामागे सरकवल्या.

त्याच एप्रिलात जुन्या कुंडीतही पाच कोंब आले. गॅलरीतला अख्खा हिवाळा त्या बियांना मिळाला होता.

नोव्हेंबरात व्हिडिओ कॉलवर आईला सगळी रोपं दाखवली. वीतभरही नव्हती, पण लाल झाली होती. तिनं आधी विचारलं, "ह्यातली आपली वाळवलेली कुठली गं?"